ग्रेग ईगन: कादंबरी लिहिता यावी म्हणून प्रोग्राम लिहिणारा लेखक

शून्यशेष

विज्ञानकथा लिहिणारे प्रोग्रामर शोधायला गेलं तर बरेच सापडतात. ‘द मार्शियन’वाला अँडी वीअर ब्लिझार्ड या गेम कंपनीत ‘वॉरक्राफ्ट २’वर काम करत होता. केन लिऊ आधी मायक्रोसॉफ्टमध्ये होता, मग वकील झाला. व्हर्नर विंज सॅन डिएगोला शिकवायचा. यातल्या बहुतेकांच्या बाबतीत सॉफ्टवेअर पोटापाण्यासाठी, आणि लेखणी चालायला लागली की राजीनामा. ग्रेग ईगनची गोष्ट वेगळी आहे. प्रोग्रामरची नोकरी त्यानेही केव्हाच सोडली, पण प्रोग्रामिंग सुटलं नाही, उलट वाढलंच. आपल्याकडे त्याच्याबद्दल फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

जन्म १९६१, पर्थ, ऑस्ट्रेलिया. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून गणितात बीएस्सी. पहिली कादंबरी १९८३ साली आली, पण नाव झालं ते पुढच्या काळात ‘इंटरझोन’ या ब्रिटिश मासिकातल्या कथांमुळे. मग ‘क्वारंटाइन’ (१९९२), ‘पर्म्युटेशन सिटी’ (१९९४), ‘डिस्ट्रेस’ (१९९५), ‘डायस्पोरा’ (१९९७). ‘ओशनिक’ या दीर्घकथेला १९९९ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कारांची यादी इथेच थांबवतो, ती कुठेही मिळेल.

‘पर्म्युटेशन सिटी’त मारिया नावाची एक फ्रीलान्स प्रोग्रामर आहे. तिला नाद आहे ‘ऑटोव्हर्स’चा. ऑटोव्हर्स म्हणजे संगणकात चालणारं एक छोटं विश्व. त्याचे नियम आपल्या भौतिकशास्त्रापेक्षा खूप सोपे, त्यातले अणू वेगळे, आणि त्या अणूंचा एकच जिवाणू. त्या जिवाणूला नवीन प्रकारची साखर पचवता येईल असं उत्परिवर्तन घडवायचं, यात मारिया रात्र रात्र घालवते आणि संगणकाच्या वेळेसाठी साठवलेले पैसे उडवते. आई आजारी, हातात काम नाही, तरी हे चालूच. ओपन सोर्सच्या नादाला लागलेला एखादा मित्र ज्याने पाहिलाय त्याला मारिया लगेच ओळखू येईल. ही पानं प्रोग्रामरच लिहू शकतो, असं मला ठामपणे वाटतं.

पण खरा मासला म्हणजे ‘ऑर्थोगोनल’ ही तीन कादंबऱ्यांची मालिका (२०११ ते २०१३). शाळेतला पायथागोरस आठवा: अंतराचा वर्ग म्हणजे बाजूंच्या वर्गांची बेरीज. आपल्या विश्वात काळ या हिशेबात घेताना मात्र वजा चिन्ह येतं, आणि प्रकाशाचा ठरलेला वेग वगैरे सगळी सापेक्षता त्या वजामधून निघते. ईगनने त्या वजाचं अधिक केलं. बस, एवढंच. आणि मग पुढची कित्येक शे पानं त्या एका चिन्हाचे परिणाम. तिथे जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे आकाशात तारे ठिपक्यांसारखे दिसत नाहीत, रंगीत रेघांसारखे दिसतात. प्रकाश बाहेर टाकला की ऊर्जा मिळते, म्हणून झाडं रात्री उजळतात. आपल्याकडे वेगाने प्रवास करून आलेला जुळा भाऊ तरुण राहतो, तिथे उलट: प्रवाशांच्या पिढ्यांमागून पिढ्या जातात आणि घरी मोजकी वर्षं सरलेली असतात. यावरच कथानक उभं आहे. ग्रहावर संकट येतंय, विचार करायला वेळ नाही, तर एक आख्खा डोंगर यान म्हणून उडवायचा आणि त्यात बसून पिढ्यानपिढ्या संशोधन करून उत्तर घेऊन परत यायचं.

हे सगळं त्याने बसून सोडवलंय. समीकरणं मांडून, सिम्युलेशन लिहून. त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक कादंबरीमागचं गणित आकृत्यांसकट पडलेलं आहे. सोबत पानातच चालणारे छोटे प्रोग्राम: आधी जावा अ‍ॅपलेट होती, पुढे जावास्क्रिप्ट. लोक आधी गोष्ट रचतात आणि मग विज्ञानाची डागडुजी करतात. हा आधी जग चालवून बघतो, आणि त्या जगात काय घडू शकतं ते बघून गोष्ट लिहितो. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचं सार हेच.

वाचलंय का कुणी?

पर्मनंट बीटा

धाग्याबद्दल आभार! पर्म्युटेशन सिटी माझी आवडती.

त्यातला एक तपशील तुम्ही सोडलात, राव. त्या जगात संगणनाची क्षमता बाजारात विकली जाते. जगभरातल्या यंत्रांचा वेळ एका एक्स्चेंजवर, मिनिटामिनिटाला भाव वर-खाली. आणि मध्येच एक सरकारी प्रकल्प, वादळांचा मार्ग बदलण्यासाठी हवामानाचं गणित करणारा, सगळी क्षमता विकत घेऊ लागतो आणि भाव कडाडतात. मारियाचा जिवाणू तिथेच गोठतो. हे १९९४ साली लिहिलंय. मी रोज क्लाउडची बिलं बघतो. स्पॉट इन्स्टन्सचा, म्हणजे बदलत्या भावाने मिळणाऱ्या यंत्रांचा, भाव चढला म्हणून आमचा रात्रीचा जॉब अर्धवट मारला गेला की मला मारिया आठवते.

दुसरं म्हणजे ‘कॉपी’. माणसाचा मेंदू स्कॅन करून संगणकात चालवलेली प्रत. बाकीचे लेखक अशी प्रत लगेच विजेच्या वेगाने विचार करायला लावतात. ईगनच्या प्रती खऱ्या माणसापेक्षा सतरा पट संथ चालतात, तेही पैसा असेल तर! गरीब प्रती त्याहून संथ. त्यांच्या एका दिवसात बाहेर आठवडेच्या आठवडे उलटतात. ज्याने कधी प्रोफायलर (प्रोग्राम कुठे वेळ खातो ते मोजणारं साधन) चालवून डोकं धरलंय तोच हे लिहू शकतो.

कर्वेरोडवासी

मी विरोधी सूर लावतो, रागावू नका.

‘ऑर्थोगोनल’चा पहिला भाग, ‘द क्लॉकवर्क रॉकेट’, हातात घेतलं. सुरुवात मस्त. शेतावरची मुलगी, आजोबा, शहरात शिकायला जाणं, चार घटका रमलो. मग अचानक आलेख. मग आकृत्या. मग दोन पात्रं फळ्यासमोर उभी राहून त्रिकोणमिती करतात आणि एकमेकांना ‘अरे वा, म्हणजे असं होणार!’ म्हणतात. लग्नाला बोलावून पत्रिका जुळवायला बसवावं तसं झालं माझं. अभियांत्रिकी शिकलोय, गणिताची भीती नाही. पण कादंबरीत मला माणसं हवीत. याची माणसं म्हणजे सिद्धांत बोलून दाखवायला उभे केलेले ध्वनिवर्धक.

सिम्युलेशन लिहिता येतं म्हणून कादंबरी लिहिता येते असं नाही. दोन वेगळी कामं आहेत ती.

शून्यशेष

@कर्वेरोडवासी, रागावण्याचा प्रश्नच नाही. हा आक्षेप त्याच्या चाहत्यांमध्येही आहे, आणि ‘इन्कँडेसन्स’बद्दल मीही तेच म्हणेन.

पण क्लॉकवर्क रॉकेटच्या बाबतीत एक बघा. त्या प्रजातीत मूल जन्माला घालणं म्हणजे आईचा अंत. आईचं शरीरच दुभंगून मुलं होतात. त्या जगात हे नैसर्गिक, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नायिका यल्दा शिकते, संशोधन करते, आणि तिच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असते. बायांनी ते टाळायचं औषध गुपचूप मिळवणं, त्यावरून होणारं राजकारण, कोण किती जगेल याचा हिशेब, हे सगळं त्या फळ्यांच्या मधोमध आहे. ती पानं मला कोरडी वाटली नाहीत. तुम्ही ज्या आलेखाला पुस्तक मिटलंत त्याच्या पुढेच हे पेटतं.

फळा मात्र आहे, हे खरंच. तो काही त्याला सोडत नाही.

मावशीबोलतेय

मला यातलं चिन्ह अधिक की वजा काही कळलं नाही बाबा, पण ‘झाडं रात्री उजळतात’ हे वाचून थांबले. मी मराठी घेऊन बीए झालेली. माझ्यासारखीला याचं काही वाचता येईल का, की दुरूनच नमस्कार?

पर्मनंट बीटा

@मावशीबोलतेय, नक्की येईल मावशी. कादंबऱ्या बाजूला ठेवा, कथा घ्या. ‘लर्निंग टू बी मी’ ही १९९० ची कथा वाचा. गणित शून्य.

लहानपणीच प्रत्येकाच्या डोक्यात एक ‘रत्न’ बसवतात. ते वर्षानुवर्षं मेंदूची नक्कल करायला शिकतं: मेंदूने जे ठरवलं तेच रत्नाने ठरवलं का, चुकलं तर सुधार. तिशीच्या आसपास नक्कल पक्की झाली की मेंदू काढून टाकायचा आणि सूत्रं रत्नाकडे. म्हातारपण नाही, विसरभोळेपणा नाही. सगळे करतात. निवेदक टाळाटाळ करतो. पुढचं सांगत नाही.

शून्यशेष

+१. माझ्या मते त्याची सर्वोत्तम कथा. आणि बघा, रत्न शिकतं कसं, तर उत्तर ताडून आणि फरक कमी करत. आज मशीन लर्निंगवाले दिवसभर तेच करतात.

सिअ‍ॅटलचा पाऊस

धागा छान, पण वीअरवर अन्याय झालाय. त्याला ‘पोटापाण्यापुरता प्रोग्रामर’ म्हणून निकालात काढू नका.

‘द मार्शियन’मधलं हर्मीस यान आयन इंजिनावर चालतं. म्हणजे एकदा जोर लावून मग नुसतं तरंगणं नाही, सतत थोडा थोडा रेटा. असा मार्ग कागदावरच्या सूत्रात बसत नाही. वीअरने तो काढण्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. पुस्तक प्रकरणागणिक स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट टाकलं, वाचकांनी रसायनशास्त्रातल्या चुका काढल्या, त्याने दुरुस्त केल्या. सॉफ्टवेअरची बग-यादीच की ही! २०११ मध्ये वाचकांच्या आग्रहावरून किंडलवर ९९ सेंटला टाकलं, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने काढलं, २०१५ मध्ये सिनेमा. आणि हे जुळून येत होतं तेव्हा गडी नोकरीवरच होता. करिअर म्हणाल तर मला हे जास्त जवळचं वाटतं. दिवसा ऑफिसची टिकिटं (नेमून दिलेली कामं), रात्री प्रकरणं.

शून्यशेष

@सिअ‍ॅटलचा पाऊस, प्रोग्रामबद्दल मान्य, आणि वाचकांकडून बग काढून घेणं तर फारच भारी. तरी फरक उरतोच. वीअरला गोष्ट माहीत होती: माणूस मंगळावर अडकलाय, त्याला परत आणायचंय. प्रोग्रामने त्याला तारखा दिल्या. पण जिथे गोष्ट अडत होती तिथे त्याने विज्ञानाला बगल दिली. मंगळाच्या हवेची घनता पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. त्या हवेतलं वादळ यान कलंडवू शकत नाही. हे वीअरला माहीत होतं, त्याने ते उघड सांगितलंय, आणि तरी ठेवलं, कारण त्याशिवाय नायक मागे राहत नव्हता.

ईगन तिथे वादळच बदलेल, किंवा पुस्तकच लिहिणार नाही. वाचक म्हणून मला वीअरचा निर्णय बरोबर वाटतो. पण दोघांच्या प्रोग्रामचं काम एकच नव्हे.

निळाकावळा

सगळं बोलून झालं आणि मुख्य किस्सा कुणीच सांगितला नाही! मग मीच लिहितो, लांबेल.

१, २, ३ हे अंक. त्यांच्या सहा मांडण्या: १२३, १३२, २१३, २३१, ३१२, ३२१. सगळ्या सुट्या लिहिल्या तर १८ अंक लागतील. पण एकमेकींवर चढवून लिहिता येतात:

१२३१२१३२१

नऊ अंकांत सहाच्या सहा मांडण्या सलग सापडतात. बोट ठेवून बघा: १२३, २३१, ३१२, मग १२१ हा एक फुकट गेलेला तुकडा, मग २१३, १३२, ३२१. याला सुपरपर्म्युटेशन म्हणतात. प्रश्न असा की एवढे अंक दिले तर कमीत कमी लांबी किती?

३ अंकांना ९, ४ ला ३३, ५ ला १५३. साचा दिसतो: ३! + २! + १! = ९ (३! म्हणजे ३ × २ × १), पुढेही तसंच. बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की हाच नियम पुढे चालेल. ६ अंकांना या हिशेबाने ८७३ यायला हवेत. २०१४ मध्ये रॉबिन ह्यूस्टनने ८७२ अंकांची माळ काढून दाखवली. एकाच अंकाने कमी, पण नियम मोडला.

आता मधला भाग. २०११ मध्ये ४चॅन या बदनाम फोरमवर ‘द मेलन्कली ऑफ हारुही सुझुमिया’ या अ‍ॅनिमे मालिकेवर गप्पा चालू होत्या. तिचे पहिल्या हंगामाचे १४ भाग उलटसुलट क्रमाने दाखवले होते. कुणीतरी विचारलं, सगळ्या शक्य क्रमांनी बघून काढायचे तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील? म्हणजे १४ अंकांचं सुपरपर्म्युटेशन. आणि एका अनामिकाने तिथल्या तिथे सिद्धता लिहून टाकली, की अमुकपेक्षा कमीत होणारच नाही. १४ साठी तो आकडा येतो ९,३८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११. एक भाग २० मिनिटांचा धरला तर ३५ लाख वर्षं नुसतं बघत बसायचं. गणितज्ञांचं तिकडे नीट लक्ष जायला २०१८ उजाडलं. मग व्यवस्थित शोधनिबंध लिहिला गेला आणि त्यावर पहिलं लेखक म्हणून नाव ‘अनामिक ४चॅन पोस्टर’!

हे झालं खालचं टोक. वरचं टोक, म्हणजे इतक्यात नक्की होतं, हे कुणी सुधारलं? त्याच २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्या ईगनने. त्याने एरन विल्यम्सच्या एका वेगळ्या विषयावरच्या कामातून वाट काढली. ७ अंकांसाठी जुना हिशेब ५,९१३ सांगायचा. ईगनचं सूत्र: ७! + ६! + ५! + ४! + ४, म्हणजे ५,९०८. पुढच्या फेब्रुवारीत बोग्दान कोआंडाने ५,९०७ केले, आणि महिना संपायच्या आत ईगनने, ह्यूस्टनच्या कल्पना वापरून, ५,९०६.

म्हणजे साठीला टेकलेला कादंबरीकार घरी बसून एका अंकासाठी झटतोय. आणि त्याच्या कादंबरीचं नाव १९९४ पासून ‘पर्म्युटेशन सिटी’ आहे. असा योगायोग गोष्टीत घातला असता तर आपणच नाकं मुरडली असती.

पर्मनंट बीटा

दंडवत, कावळेबुवा. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

कर्वेरोडवासी

हे मात्र आवडलं. माझं मत कायम: या माणसाने कादंबऱ्यांऐवजी असंच काहीतरी लिहावं. :)

निळाकावळा

@कर्वेरोडवासी, लिहितोच की. २००२ मध्ये डॅनियल क्रिस्टेन्सनबरोबर त्याचा निबंध आहे, ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या नियतकालिकात. पुंज-गुरुत्वाच्या एका प्रतिमानात ‘१०जे’ नावाची राशी लागते, ती संगणकावर काढणं भयंकर महाग. साध्या पद्धतीने त्यातली ‘स्पिन’ नावाची संख्या दुप्पट केली की काम ५१२ पट वाढतं. यांच्या पद्धतीने ३२ पट. त्याच सुमारास ‘शिल्ड्स लॅडर’ ही त्याची पुंज-गुरुत्वावरची कादंबरी आली. कादंबरीसाठी शिकला, शिकता शिकता खऱ्या शास्त्रज्ञांच्या उपयोगाचं अल्गोरिदम करून गेला. शून्यशेष यांचा मुद्दा मी इथे पुढे नेतो: प्रोग्राम नुसता गोष्टीच्या सेवेत राहिला नाही.

सिअ‍ॅटलचा पाऊस

एक गंमत. आंतरजालावर ईगनचा फोटो शोधा. त्याच नावाच्या भलत्याच माणसांचे फोटो येतात. त्याने स्वतःचा फोटो कधी दिलेला नाही, विज्ञानकथांच्या संमेलनांना तो जात नाही, पुस्तकांवर सह्या करत नाही. आजकाल लेखक व्हायचं म्हणजे रील्स करा म्हणतात, त्यात हा असा.

यावरून आपले नारळीकर आठवले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! परीक्षक नावाला भुलू नयेत, म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग मराठी विज्ञानकथेत पुढे काय झालं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनीही कथेत संगणकाला काम दिलं, ‘वामन परत न आला’मध्ये. पण ती शास्त्रज्ञाची कादंबरी आहे, तिथे यंत्र काय करील याची चिंता आहे. यंत्राला बिल किती येईल याची चिंता ईगनमध्ये.

शून्यशेष

शेवटचं वाक्य उचलून ठेवतो.

करिअरच्या अंगाने अजून एक. मध्यंतरी काही वर्षं त्याचं लेखन जवळपास थांबलं होतं. ‘शिल्ड्स लॅडर’ २००२ ची, पुढची कादंबरी थेट २००८ ला. त्या काळात तो ऑस्ट्रेलियात डांबून ठेवलेल्या निर्वासितांसाठी काम करत होता. पुढे इराणला जाऊन आला आणि ‘झेंडेगी’ (२०१०) लिहिली. तीत मरणाला टेकलेला बाप मुलासाठी एका खेळात स्वतःची अपुरी प्रत मागे ठेवू पाहतो. कर्वेरोडवासी, माणसं हवी असतील तर ही घ्या. फळा नाही.

मावशीबोलतेय

‘लर्निंग टू बी मी’ वाचली. इंग्रजी जड गेलं नाही. रात्री झोप लागली नाही, ते वेगळं.

मला रत्नापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. तो माणूस सगळ्या जगाशी याबद्दल बोलतो, पण ज्या क्षणी गडबड होते त्या क्षणी सांगायला कुणीच नसतं, कारण तोंडच त्याच्या ताब्यात नाही. आमच्या शेजारच्या काकूंना पक्षाघात झाला तेव्हा त्या नुसतं डोळ्यांनी बघत. आत काय चाललं असेल असं मला तेव्हा सारखं वाटायचं. कुणी म्हणालं ना, याच्या गोष्टीत माणसं नसतात म्हणून? मला तर एकच दिसला आणि पुरला.

‘झेंडेगी’ कुठे मिळेल? पुण्यात दुकानात विचारलं तर मुलाने ते नावच तीनदा विचारलं.

शून्यशेष

मावशी, दुकानात अवघड आहे, किंडलवर बघा. त्याची अलीकडची काही पुस्तकं तर तो स्वतःच प्रकाशित करतो, ‘स्केल’ (२०२३) त्यातलंच. आणि तुमच्या या प्रतिसादावर माझं पुढचं काहीच म्हणणं नाही.

पर्मनंट बीटा

@निळाकावळा, तुमच्या नादाने काल पायथनमध्ये चार अंकांचं लिहून बघितलं. ३३ आले:

१२३४१२३१४२३१२४३१२१३४२१३२४१३२१४३२१

उलटीकडून वाचलं तरी तेच! लगेच पाच घातले आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुटला. सकाळपर्यंत उत्तर नाही. १५३ पेक्षा कमी नाहीच हे कुणी तपासलं कसं मग?

निळाकावळा

तेही २०१४ मध्येच झालं, बेंजामिन चॅफिनने. सगळ्या वाटा तपासत बसू नका. फुकट जाणारे अंक मोजा: एक फुकट घालवून जास्तीत जास्त किती मांडण्या येतात, दोन घालवून किती, असं चढत जा, आणि ज्या वाटेवर तेवढ्या येणं शक्यच नाही ती तिथेच छाटा. पाचसाठी १५३ लांबीच्या आठ वेगवेगळ्या माळा निघतात. चारला एकच आहे, ती तुम्हाला मिळालीये. कोड इथे टाका, छाटणी कुठे बसवायची ते बघू.